कोरं तूस

वेस्ट मांबलम, चेन्नई
९ जून

डॉ. व्यंकटेश राव यांस,

'प्रिय' लिहिणार नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नडेट म्हणायच्या, पत्राचा पहिला शब्द खोटा असला की पुढच्या पानांवर विश्वास ठेवायला कोणी बांधील नसतं. 'तुम्ही' लिहिते आहे तेही आदराने नव्हे. अर्धं आयुष्य प्रयोगशाळेतल्या एका टेबलावर कोंबड्या फाडताना आपण एकमेकांना तू म्हणालो. ते टेबल संपलं.

पत्र मराठीत आहे, कारण इंग्रजीत लिहिलं असतं तर तुमच्या सेक्रेटरीने ते वाचून फाइलला लावलं असतं. तमिळमध्ये मी भाजीवाल्याशी भांडते. तुमच्यासाठी ते पुरणार नाही. तुम्ही तंजावरचे लोक घरात बोलता ती मराठी निराळी असली, तरी देवनागरी तुम्हाला वाचता येते. कोणी शिकवली हा आजचा विषय नाही.

विषय कौमुदी. परवा ती भर दुपारी घरी आली. एरवी श्रीपेरुंबुदूरपलीकडच्या तिच्या हॅचरीतून बसने यायला तिला अंधार होतो. परवा माझं ताट अजून घासायचं होतं आणि ही दारात. हातातल्या पिशवीत पांढरा कोट आणि रबरी बूट. म्हणाली, "मावशी, मला काढलं." मग बूट बाल्कनीत ठेवले, आंघोळ केली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. अजून नीट जेवत नाही.

बहिणीची मुलगी असली तरी कॉलेजपासून ती माझ्याकडे आहे, आणि पिल्लांना लस द्यायला तिला मीच शिकवलं. तिला पदवी मिळाली त्या दिवशी तुम्ही आमच्या घरी आला होतात. हिचा हात थेट विद्युलतेचा आहे, असं तुम्ही तुमच्या अन्नपूर्णाबाईंना सांगितलंत. त्याच हाताबद्दल आता तुम्ही कंपनीला लिहून दिलं आहे की, लस देताना झालेल्या निष्काळजीपणामुळे पक्ष्यांच्या आतड्यांना गंभीर इजा झाली. खाली तुमची सही, आणि सहीखाली पदव्यांची मालगाडी.

चार शेडमधले पक्षी चौथ्या आठवड्यात मान टाकू लागले, रक्ताची विष्ठा झाली, निम्मे मेले. हॅचरी आणि शेड दोन्ही ज्यांची, त्या नारायणस्वामींच्या कंपनीला दोषी कोणीतरी हवं होतं, आणि सर्वांत तरुण माणसाचं नाव तुम्हाला सर्वांत सोपं वाटलं. हा अहवाल आता इतर हॅचऱ्यांकडे जाणार, म्हणजे या पट्ट्यात तिला कोणी दारात उभं करणार नाही. ऑगस्टमध्ये एग्मोरच्या हॉटेलात तुमचं व्याख्यान आहे, 'लसीकरण आणि ब्रॉयलरच्या आतड्याचं आरोग्य'. त्यात हे उदाहरण तुम्ही पडद्यावर दाखवणार आहात, असंही कळलं.

तुम्हाला शिकवण्याची माझी इच्छा नाही, पण तुम्ही विसरलात असं दिसतं म्हणून लिहिते. ही लस म्हणजे जिवंत, सौम्य कॉक्सी, रक्ती हगवण करणारे तेच आतड्यातले जंतू. एक दिवसाच्या पिल्लांच्या ट्रेवर लाल रंगात मिसळून फवारायची, वर चांगला उजेड ठेवायचा. मग पिल्लं एकमेकांच्या अंगावरचे लाल थेंब टिपून खातात. आतड्याला बारीकसा ओरखडा येतो. आठवड्याभरात पिल्लू तेच जंतू विष्ठेतून खालच्या तुसात टाकतं, तुसातून पुन्हा टिपतं, पुन्हा थोडं दुखतं, आणि दोन-तीन फेऱ्यांत आतडं शहाणं होतं. हॅचरीतला फवारा हा फक्त पहिला धडा. बाकीची शाळा शेडमध्ये, पायाखालच्या मळक्या गादीत भरते. लसीने आतडं दुखावतं हे अर्धं वाक्य झालं. पुढचं अर्धं तुम्ही अहवालात का लिहिलं नाहीत?

तुम्ही एक तरी पक्षी स्वतः उघडलात का, ते कळवा. अहवाल मागे घ्या, तेही कळवा. मी निवृत्त आहे, मला साखर नाही, गुडघे शाबूत आहेत, आणि सूड घ्यायला माझ्याकडे भरपूर वेळ आहे.

विद्युलता करंबेळकर


२१ जून

डॉ. राव,

आंबे मिळाले. तुमच्या ड्रायव्हरने पेटी वर आणून दिली आणि चिठ्ठी देताना त्याला ओशाळल्यासारखं झालं. तेवढी लाज पेटीत कुठे सापडली नाही. आंबे मी खालच्या वॉचमनला आणि इस्त्रीवाल्याला वाटले. दोघांनीही तुम्हाला आशीर्वाद दिले आहेत, ते सोबत पाठवते.

चिठ्ठीत तुम्ही लिहिता की मुलीची सोय होसूरच्या बाजूला कुठेतरी लावू, नाव काढू नये, चार महिन्यांत लोक विसरतील. मी ती कौमुदीला वाचून दाखवली. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "मावशी, विसरायला मी काही केलेलंच नाही." आणि सोलत राहिली. आम्हाला इतका लसूण लागत नाही.

अन्नपूर्णाबाईंचाही फोन आला. त्या बिचाऱ्या आधी पावसाचं बोलल्या, मग पाण्याच्या टँकरचं, मग म्हणाल्या की ह्यांना रात्रीं झोप नाहीं, तुम्हीं जुनी माणसें, सोडून द्या की. मी त्यांना सांगितलं की झोप न येणं हे मला चांगलं लक्षण वाटतं. त्या चांगल्या बाई आहेत. चांगलं माणूस घरात असलं की नवऱ्यांना वाटतं आपलाही वाटा भरला.

माझ्या प्रश्नाचं उत्तर आंब्यांत नव्हतं. म्हणजे तुम्ही एकही पक्षी उघडला नाहीत. नारायणस्वामींनी सांगितलं ते लिहून घेतलंत. आपल्या प्रयोगशाळेत भिंतीवर खडूने 'आधी आकडा, मग नाव' लिहिणारा माणूस तुम्हीच ना? पक्षी कोणाचा, कुठल्या शेडचा, हे कळायच्या आधी आतडं पाहून आकडा सांगायचा, म्हणजे डोळ्याला लबाडी करता येत नाही. शिपाई दर दिवाळीला भिंत पुसायचा आणि तुम्ही पुन्हा लिहायचात. आता तुम्ही आधी नाव लिहिलंत, आकडा घ्यायला गेलाच नाहीत.

कौमुदी नीट काही सांगत नाही. एवढंच म्हणाली की चौकशीत तिने तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती आणि तुम्ही हसलात. कुठली गोष्ट, ते सांगत नाही. मी शोधून काढीन. मी तुमच्यासारखी लोकांना हसून घालवत नाही, मी त्यांना बोलू देते आणि मग घालवते.

वि. क.


२ जुलै

डॉ. राव,

तुम्हाला पकडलं.

आणि पकडून तुम्हीच दिलंत. आपल्या जुन्या खात्याच्या व्हॉट्सॲप गटावर तुम्ही एप्रिलमध्ये एक फोटो टाकला होता. गळ्यात गुलाबाचा आणि जरीचा हार, शेजारी हात जोडून नारायणस्वामी, मागे शेडची जाळी, आणि खाली तुमची ओळ: आदर्श फार्मला भेट. तेव्हा बारा जणांनी अंगठे दाखवले होते. मी दाखवला नव्हता. काल दुपारी वीज गेली होती, वेळ जाईना म्हणून गट मागे मागे वाचत गेले आणि तो फोटो मोठा करून पाहिला. तुमच्याकडे पाहत नव्हते. तुमच्या बुटांकडे पाहत होते. पांढरे बूट घालून कोंबड्यांच्या शेडमध्ये गेलेला पशुवैद्य मी पहिल्यांदाच पाहिला.

बुटांभोवती पिल्लं आहेत. पंखांची पिसं फुटलेली, म्हणजे आठवड्याची तरी. आणि त्यांच्या पायाखाली भाताचं कोरं तूस, सोन्यासारखं पिवळं, त्यावर एक डाग नाही. आठवडाभर हजारो पिल्लं ज्या गादीवर जगली, ती गादी अशी दिसते?

मी फोन कौमुदीसमोर धरला. तेव्हा ती बोलली. तुम्ही येणार म्हणून नारायणस्वामींनी आदल्या दिवशी पुढच्या चारही शेडमधली गादी उपसून ट्रॅक्टरने बाहेर टाकायला लावली आणि नवं तूस पसरलं. वाटेवर चुन्याच्या रेघा मारल्या. दारात रांगोळीचा कोलम काढला. कौमुदी हॅचरीतून तिथे पिल्लं बघायला गेली होती. ती ट्रॅक्टरपुढे उभी राहिली, म्हणाली की लस आता त्या मळक्या तुसात आहे, ती फेकू नका. नारायणस्वामी म्हणाले, "सार येतायत, त्यांना काय घाणीत उभं करायचं?"

हीच ती गोष्ट. चौकशीत तिने ती तुम्हाला सांगितली. आणि तुम्ही, ज्यांनी माझ्यासमोर या लसीच्या फेऱ्यांवर दोन पिढ्यांना शिकवलं, तुम्ही हसून म्हणालात, "पोरी, स्वच्छतेनं कोंबडी मरत नाहीं."

मला राग कशाचा आहे ते नीट सांगते. तुम्हाला कळलं नाही असं असतं, तर मी म्हटलं असतं की वय झालं. तुम्हाला त्याच क्षणी कळलं. पहिला धडा झाला आणि शाळाच उपसून उकिरड्यावर टाकली. मग शेडच्या फरशीच्या भेगांतले जुने, जहाल कॉक्सी आले तेव्हा आतडी कोरी होती, तुमच्या तुसासारखी. ज्या शेडांत तुम्ही पाय ठेवला नाहीत, जी मागच्या बाजूला होती आणि ज्यांची गादी कोणी बदलली नाही, तिथले पक्षी ठणठणीत विकले गेले. तीच लस, तोच हात. कौमुदीने हेही सांगितलं होतं. पण तुमच्या स्वागताने निम्मे पक्षी मारले, हे लिहायचं म्हणजे सगळ्या तमिळनाडूतल्या पोल्ट्रीवाल्यांनी चहाबरोबर तुम्हाला चघळलं असतं. त्यापेक्षा एक मुलगी स्वस्त पडली.

आता ऐका. आपल्या जुन्या विभागाची प्रमुख आता त्रिपुरसुंदरी आहे. आपल्या दोघांची विद्यार्थिनी. तुम्हाला 'सार' म्हणते आणि मला घाबरते. तिच्या पक्षिगृहात दोन खण रिकामे आहेत. एकाच दिवशी निघालेली पिल्लं येतील, सर्वांना कौमुदीच लस देईल. एका खणातली गादी आठवड्याने बदलायची, तुमच्या स्वागताला बदलली तशी. दुसऱ्या खणात हात लावायचा नाही. मग दोन्हीकडे नारायणस्वामींच्या त्या शेडमधला जुना मळ सारखा मिसळायचा आणि चौथ्या आठवड्यात पक्षी उघडायचे. नारायणस्वामींना मी व्हॉट्सॲपवर लिहिलं की मुलगी दोषी असेल तर तेही फुकटात सिद्ध होईल. त्यांनी तासाभरात होकार कळवला. मळाची पोती ते स्वतःच्या गाडीतून पाठवणार आहेत.

परीक्षक तुम्ही. आतडी तुम्ही उघडायची, आकडे तुम्ही सांगायचे. न आलात तर एग्मोरला मी पहिल्या रांगेत बसेन, आणि तुमचा हा फोटो माझ्याकडे पोस्टराएवढा छापलेला असेल. रंगनाथन स्ट्रीटजवळचा मुलगा चांगला छापून देतो.

विद्युलता करंबेळकर


१४ जुलै

डॉ. राव,

तुमचं उत्तर आलं, एकाच शब्दाचं: सरि. ठीक आहे म्हणायलाही तुम्हाला तमिळच लागावं, इतकी माझ्या मराठीची धास्ती घेतलीत.

पिल्लं आली. कौमुदीने लस फवारली तेव्हा मी तिथे होते. तिने फवाऱ्याचं तोंड तीनदा तपासलं, ट्रे दिव्याखाली ठेवले, आणि पिल्लांची अंगं लाल ठिपक्यांनी भरली. मग सगळीकडे टिप टिप आवाज; एक दुसऱ्याच्या पाठीवरचं खातं, दुसरं तिसऱ्याच्या डोक्यावरचं. ती खाली बसून ते बघत राहिली. महिन्याभरात तिचा चेहरा मी प्रथमच सैल झालेला पाहिला. मग ती मला म्हणाली, "मावशी, सारांचंच बरोबर निघालं तर?"

तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वास तुम्ही काढून घेतलात. नोकरी गेली तर दुसरी मिळते. याची भरपाई माझ्या हिशेबात कुठे बसत नाही, म्हणून मी ती वसूल करणार आहे.

वि.


४ ऑगस्ट

परवा सकाळी दहा. कात्री मी आणीन. तुम्ही वाचायचा चष्मा आणा, नंतर दिसलं नाही म्हणू नका. बूट काळे चालतील.


८ ऑगस्ट

व्यंकटेश राव,

परवा संध्याकाळी तुम्ही जिन्यात थांबून विचारलंत की आता समाधान झालं का. तेव्हा बरोबर नारायणस्वामी होते, म्हणून मी उत्तर दिलं नाही. आता देते.

दोन्ही खणांतले पक्षी मिसळून ठेवले होते, पायात नंबरांचे छल्ले. कुठला नंबर कुठल्या खणातला, तो कागद बंद पाकिटात, आणि पाकीट नारायणस्वामींच्या शर्टाच्या खिशात. आकडे शून्य ते चार: शून्य म्हणजे निरोगी आतडं, चार म्हणजे जगला तरी काय उपयोग. त्रिपुरसुंदरी फळ्यापाशी खडू घेऊन. कौमुदीला मी मुद्दाम मागच्या बाकावर बसवलं होतं, तुम्हाला दिसेल अशी.

तुम्ही बाह्या सरसावल्यात आणि पहिलं आतडं उघडलंत. खरं सांगायचं तर मला राग आला, कारण हात तसाच आहे. एका ओढीत, वरपासून खालपर्यंत, कुठे फाटलं नाही. पाण्याने धुतलंत, उजेडाकडे धरलंत, म्हणालात, "एक." दुसरं, "शून्य." तिसरं उघडलंत आणि तुमची कात्री थांबली.

ते मला लांबूनही दिसत होतं. मधलं आतडं फुग्यासारखं तट्ट, आत नारिंगी चिकट पाणी, आणि अस्तर टर्किश टॉवेलसारखं खरखरीत. तुम्ही मान वर केलीत. फळ्याकडे नाही, पाकिटाकडे नाही, माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला कळलं होतं. हा बदललेल्या गादीवरचा पक्षी आहे हे नंबराशिवाय तुम्हाला कळलं, आणि सुटायची वाटही कळली. सगळ्यांना दोन दोन देत गेलं असतं की झालं होतं. शून्याला एक, चाराला दोन, थोडं इकडे, थोडं तिकडे. फळ्यावर नुसता लगदा दिसला असता, आणि मी आरडाओरडा केला असता तर कडवट म्हातारी म्हणून मला खुर्ची दिली असतीत.

त्याची तयारी मी करून ठेवली होती. प्रत्येक आतड्याचा फोटो निघत होता, आणि त्रिपुरसुंदरीच्या हाताखालची मुलगी शेजारच्या खोलीत तेच फोटो पाहून वेगळे आकडे देत होती. तुम्ही खोटं बोललात की दोघांचे आकडे शेजारी शेजारी ठेवायचे आणि नारायणस्वामींसमोर तुम्हाला सोलायचं. मी आदल्या दिवशी साडीसुद्धा त्या हिशेबाने काढली होती.

तुम्ही म्हणालात, "चार." आणि मग कात्री धुऊन पुढचा पक्षी घेतलात.

शेवटपर्यंत तुम्ही एकही आकडा हलवला नाहीत. मी प्रत्येक आतडं नंतर स्वतः तपासलं. खोलीतल्या मुलीचे आकडे तुमच्याइतके बरोबर नव्हते.

पाकीट फोडलं तेव्हा नारायणस्वामींनी आधी नंबर वाचले, मग फळ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. जिथे गादी तशीच ठेवली होती, तिथे शून्य आणि एक. जिथे ती बदलली होती, तिथे तीन आणि चार. ते तुम्हाला काही विचारणार होते, पण तुम्हीच म्हणालात, "ट्रॅक्टर माझ्यासाठीं आला होता. पोरीनं सांगितलें होतें मला." मग तुम्ही मागच्या बाकापर्यंत गेलात. कौमुदी उठून उभी राहिली, तिला तशीच सवय लावली आहे. तुम्ही तिला म्हणालात की तुझा हात चांगला आहे. ती म्हणाली, "माहीत आहे, सार." ते ऐकायला मी महिनाभर थांबले होते.

तर समाधान. नाही, झालं नाही. तुम्ही खोटं बोलावं अशी माझी इच्छा होती. तुम्ही खोटारडे निघाला असतात तर मला घरी येऊन शांतपणे जेवता आलं असतं: हा माणूस असाच होता, मीच आंधळी. पण ज्याचा हात टेबलावर अजूनही खोटं बोलत नाही, त्याने खुर्चीत बसल्यावर एका मुलीचं नाव लिहून दिलं. म्हणजे तुम्ही दोन्ही करू शकता. हे मला जास्त अवघड जातं, आणि जे मला अवघड जातं ते मी तुम्हाला माफ करावं असं कारण दिसत नाही.

परवा, दहाला, एग्मोरला. मी येणार आहे. पोस्टर आणणार नाही. पहिली रांग.

विद्युलता


११ ऑगस्ट

व्यंकटेश राव,

व्याख्यान बरं झालं. माइक जरा तोंडाजवळ धरत जा.

तुम्ही आकडे दाखवलेत, फोटो दाखवलेत, आणि अहवाल चुकीचा होता, लस देणाऱ्याची काही चूक नव्हती, असं म्हणालात. ते इंग्रजीत स्पष्ट म्हणालात, मान्य. मग म्हणालात की, 'एका पाहुण्याच्या भेटीसाठी' गादी बदलण्यात आली. लोकांनी माना डोलावल्या. पाहुणा ही फार सोयीची व्यक्ती आहे. तिला तोंड नसतं.

म्हणून मी हात वर केला. तुम्ही मला पाहून न पाहिल्यासारखं केलंत. मग मी उभी राहिले, आणि उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या बाईला माइक द्यावाच लागतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्या उत्तमोत्तम इंग्रजीत विचारलं, "सर, पाहुणा कोण होता?"

तुम्ही पाण्याचा ग्लास उचललात, प्यायला नाहीत, ठेवलात. म्हणालात, "मी."

 मागे कोणीतरी हसलं, मग एक रांग हसली. नामक्कलचे ते जाडे गृहस्थ तर डोळे पुसत होते. तुम्ही उभे होतात. अन्नपूर्णाबाई तिसऱ्या रांगेत पदराचं टोक पिळत होत्या. त्यांना ते बघावं लागलं याचं मला वाईट वाटलं. तुम्हाला बघावं लागलं याचं नाही.

कौमुदीला नारायणस्वामींनी परत बोलावलं, पगार वाढवून. ती गेली नाही. त्रिपुरसुंदरीने तिला विभागात घेतलं आहे. लस आणि आतडं यांवर तिचा स्वतःचा प्रयोग चालू होतो आहे. परवा घरी लसूण संपला होता, आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

वि. क.


३ सप्टेंबर

व्यंकटेश,

अन्नपूर्णाबाईंचा पुन्हा फोन आला. पावसाचं काही बोलल्या नाहीत. थेट विचारलं की तो फोटो खरंच लावलाय का.

लावला आहे. विभागाच्या प्रयोगशाळेत, फळ्याच्या उजवीकडे, जिथे तुझा तो खडूचा मजकूर असायचा. रंगनाथन स्ट्रीटच्या मुलाने मोठा करून दिला, काच लावून. पिल्लांची पिसं, तुझे पांढरे बूट, कोरं तूस, सगळं स्वच्छ दिसतं. शेजारी त्या दिवशी तू 'चार' म्हणालास त्या आतड्याचा फोटो. खाली ओळ आहे: लस दिल्यावर तीन आठवडे गादी बदलू नये.

अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, निदान चेहरा तरी कापा हो, बाई. मी विचार केला. त्यांनी मागितलं म्हणून खरंच केला. मग मी हार कापला. चेहरा ठेवला.

खाली तुझं नाव लिहिलेलं नाही. त्रिपुरसुंदरी म्हणाली, लिहू या का मॅडम, संदर्भ पूर्ण होईल. मी म्हटलं, नको. नाव लिहिलं की पोरं एकदा वाचतात आणि विसरतात. लिहिलं नाही तर दर वर्षी नवी तुकडी येईल, कोणीतरी विचारेल की हे कोण, आणि कोणीतरी सांगेल. या वर्षी कौमुदीने सांगितलं.

विद्युलता